क्लाऊडवरचा डेटा आणि भाड्याचा संगणक: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे पान छोट्या व्यावसायिकांसाठी, दवाखान्यांसाठी, सीए आणि वकिलांच्या ऑफिसांसाठी, शाळांसाठी, फोटोग्राफरांसाठी आणि घरचे कागद ड्राइव्हवर ठेवणाऱ्या प्रत्येकासाठी आहे. डेटा कुठूनही उघडता येणं आणि तो आपल्या ताब्यात असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिली गोष्ट दरवर्षी आपोआप सोपी होत चालली आहे. दुसरीसाठी आपल्यालाच लक्ष घालावं लागतं, आणि पुढची दहा वर्षं कशी जातील हे त्यावर बरंच अवलंबून आहे. खालची उत्तरं याच भूमिकेतून दिली आहेत.

मागणीनुसार संगणन म्हणजे नेमकं काय? गूगल ड्राइव्ह त्यात येतं का?

येतं. दुसऱ्याच्या मालकीचं यंत्र हवं तेव्हा, हवं तेवढंच वापरायचं आणि वापराच्या हिशेबाने पैसे द्यायचे, एवढाच त्याचा अर्थ. बोलताना यालाच क्लाऊड म्हणतात. ड्राइव्ह किंवा जीमेल ही त्यातली तयार सॉफ्टवेअरं झाली. त्यांच्याखाली आणखी एक बाजार आहे. तिथे नुसते सर्व्हर, नुसती साठवणुकीची जागा, नुसता डेटाबेस तासाच्या, कधीकधी सेकंदाच्या दराने भाड्याने मिळतो. डॉक्टरांचं अपॉइंटमेंटचं ॲप, शाळेचं फी भरायचं पोर्टल, कारखान्याचं ऑनलाइन ईआरपी (म्हणजे माल, हिशेब, पगार एकत्र सांभाळणारं सॉफ्टवेअर) यांच्यामागे बहुतेक वेळा असंच भाड्याचं यंत्र चालू असतं. त्यामुळे ‘आम्ही क्लाऊड वापरत नाही’ असं म्हणणारी मंडळीही तो वापरतच असतात.

ही कल्पना नवी आहे का?

नाही. १९६१ मध्ये अमेरिकेतल्या एमआयटी या विद्यापीठाच्या शताब्दी समारंभात संगणकशास्त्रज्ञ जॉन मॅकार्थी यांनी सांगितलं होतं की संगणन एक दिवस टेलिफोनसारखी सार्वजनिक सेवा होऊ शकेल. तेव्हा एका महाकाय यंत्राचा वेळ अनेकांनी वाटून घ्यायचा प्रयोग नुकताच सुरू झाला होता. आज आपण ज्याला क्लाऊड म्हणतो, त्याची बाजारपेठ मात्र २००६ मध्ये उभी राहिली. त्या वर्षी ॲमेझॉनने मार्चमध्ये एस-थ्री ही साठवणुकीची सेवा आणि ऑगस्टमध्ये ईसी-टू ही भाड्याच्या सर्व्हरची सेवा सुरू केली.

या सगळ्याची तुलना नेहमी विजेशी केली जाते. बिलापुरती ती बरोबर आहे: मीटर फिरतो, महिन्याला आकडा येतो. पण वीज वापरली की संपते, पुरवठादाराकडे आपलं काही मागे राहत नाही. इथे तुमची दहा वर्षांची बिलं, पेशंटचे रिपोर्ट, लग्नाचे फोटो पुरवठादाराकडे साठत जातात. उद्या पुरवठादार बदलायचा ठरवला तर संगणनशक्ती कुठेही मिळेल, डेटा मात्र उचलून न्यावा लागेल. भविष्याबद्दलचे बहुतेक अवघड प्रश्न या फरकातून निघतात.

माझा डेटा प्रत्यक्षात असतो कुठे?

एखाद्या इमारतीत, रॅकमध्ये लावलेल्या डिस्कवर. महाराष्ट्रात राहणाऱ्याच्या बाबतीत ही इमारत घराजवळही असू शकते. मायक्रोसॉफ्टने २०१५ मध्ये पुणे, मुंबई आणि चेन्नई इथे केंद्रं सुरू केली. ॲमेझॉन २०१६ मध्ये मुंबईत आणि २०२२ मध्ये हैदराबादमध्ये आलं. गूगल क्लाऊड २०१७ मध्ये मुंबईत आणि २०२१ मध्ये दिल्लीत. ऐरोली, रबाळे, महापे ते पनवेल या पट्ट्यातून जाताना खिडक्या नसलेल्या, छतावर कूलिंगची यंत्रं लावलेल्या ज्या मोठ्या इमारती दिसतात, त्यांतल्या अनेक डेटा सेंटर आहेत. मुंबई परिसर निवडण्यामागे साधी कारणं आहेत. समुद्राखालच्या केबल वर्सोव्यासारख्या ठिकाणी किनाऱ्याला लागतात, विजेचा पुरवठा तुलनेने भरवशाचा आहे आणि बँका, शेअर बाजार असे मोठे ग्राहक शेजारीच आहेत.

घरगुती, फुकटच्या खात्याचा डेटा कुठे ठेवायचा हे कंपनी ठरवते. पैसे भरून सर्व्हर घेणाऱ्याला मात्र ठिकाण निवडता येतं. तुमचं सॉफ्टवेअर दुसऱ्या कोणी बनवून दिलं असेल तर त्याला विचारा, ‘आमचा सर्व्हर कुठल्या रीजनमध्ये, म्हणजे कुठल्या ठिकाणच्या केंद्रात आहे?’ सगळे ग्राहक सांगली-कोल्हापूरचे आणि सर्व्हर अमेरिकेतल्या व्हर्जिनियात, असं निघालं तर तो का तिथे आहे याचं नीट उत्तर मिळायला हवं.

‘कुठूनही’ म्हणजे खरंच कुठूनही का?

कागदावर हो. प्रत्यक्षात अंतर, केबल आणि रेंज या तीन गोष्टी आडव्या येतात.

अंतराचा हिशेब सोपा आहे. काचेच्या तंतूतून प्रकाश सेकंदाला साधारण दोन लाख किलोमीटर जातो. मुंबई ते व्हर्जिनिया सरळ रेषेत सुमारे १३ हजार किलोमीटर. म्हणजे जाऊन-येऊन किमान १३० मिलिसेकंद (सेकंदाचा हजारावा भाग म्हणजे एक मिलिसेकंद), आणि केबलचा मार्ग वळणावळणाचा असल्याने प्रत्यक्षात २०० च्या पुढे. नागपूर ते मुंबई हाच फेरा १० मिलिसेकंदांच्या आसपास होऊ शकतो. ईमेलला हा फरक कळत नाही. दूरवरच्या संगणकावर माउस हलवताना किंवा यंत्र चालवताना तो हाताला जाणवतो. तंत्रज्ञान कितीही पुढे गेलं तरी प्रकाशाचा वेग वाढणार नाही, म्हणून कंपन्या यंत्रंच लोकांच्या जवळ आणत आहेत. याला एज कंप्युटिंग म्हणतात.

केबलचं म्हणाल तर जानेवारी २००८ मध्ये इजिप्तच्या अलेक्झांड्रियाजवळ केबल तुटल्या आणि भारतातलं इंटरनेट कित्येक दिवस रेंगाळलं. सप्टेंबर २०२५ मध्ये तांबड्या समुद्रात केबल तुटल्यावरही आशिया आणि युरोपमधली वाहतूक मंदावली.

आणि रेंज. ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर ई-पीक पाहणी सुरू झाली. शेतकऱ्याने स्वतः शेतात उभं राहून पिकाचा फोटो घ्यायचा, जागेचे अक्षांश-रेखांश त्यासोबत जातात आणि नोंद सातबाऱ्यावर येते. कल्पना उत्तम आहे. पण डोंगराच्या कुशीतल्या गटात मोबाइलला एक काडीही रेंज नसते आणि मुदत संपत आली की सगळा जिल्हा एकाच वेळी सर्व्हरवर येतो. चिखलात उभा राहून फिरणारं चक्र बघणाऱ्या माणसाला ‘कुठूनही’ या शब्दाची किंमत विचारावी. अशा कामांसाठी फोनमध्येच नोंद पक्की व्हावी आणि रेंज मिळाली की ती आपोआप वर जावी, ही सोय नुसत्या मोठ्या सर्व्हरपेक्षा जास्त उपयोगाची आहे. कुठलंही सॉफ्टवेअर विकत घेताना पहिला प्रश्न हाच ठेवा: नेट गेलं तर काम चालू राहतं का?

पुढे घरचा संगणक नाहीसाच होईल का?

आम्हाला तसं वाटत नाही. मायक्रोसॉफ्टने २०२१ मध्ये विंडोज ३६५ आणलं. त्यात अख्खा संगणक दूरच्या सर्व्हरवर चालतो आणि तुमच्यासमोर फक्त त्याचा पडदा येतो. २०२५ मध्ये जिओनेही सेट-टॉप बॉक्सवर टीव्हीला जोडून चालणारा असाच संगणक बाजारात आणला. शाळेची प्रयोगशाळा, कॉल सेंटर, घरातला दुसरा संगणक यांसाठी हा मार्ग चांगला आहे. यंत्र चोरीला गेलं तरी डेटा जात नाही आणि जुनं यंत्रही चालतं.

पण त्याच काळात फोन आणि लॅपटॉपमधल्या चिपही इतक्या ताकदवान झाल्या आहेत की आवाजाचं लिखित रूप करणं, फोटोतला मजकूर वाचणं, छोटं भाषांतर करणं ही कामं नेटशिवाय जागच्या जागी होऊ लागली आहेत. रोजचं, खासगी आणि झटपट काम हातातल्या यंत्रावर, तर अवजड काम दूरच्या यंत्रावर, अशी वाटणी होत जाईल.

अवजड काम म्हणजे कुठलं? सामान्य विद्यार्थ्याला त्याचा काय उपयोग?

या प्रश्नाचं उत्तर आम्हाला सगळ्यांत आशादायक वाटतं. पुण्यात १९८८ मध्ये सी-डॅक या सरकारी संगणन संशोधन संस्थेची स्थापना झाली आणि १९९१ मध्ये परम ८००० हा महासंगणक तयार झाला. तेव्हा असं यंत्र वापरायचं तर संस्थेच्या आत असावं लागे किंवा तिथे ओळख असावी लागे. २०२४ मध्ये परम रुद्र मालिकेतलं एक यंत्र नारायणगावजवळच्या खोडदच्या जीएमआरटी दुर्बिणीच्या कामासाठी आलं. मोठ्या संस्थांची सोय अशी होतच असते. खरा बदल संस्थेबाहेरच्या माणसासाठी आहे.

मार्च २०२४ मध्ये केंद्र सरकारने इंडिया एआय मिशनला मंजुरी दिली. त्यासाठी दहा हजार कोटींहून अधिक रुपयांची तरतूद आहे. त्याखाली ३८ हजारांहून अधिक जीपीयू (एआयची अवजड गणितं करणारी चिप-कार्डं) स्टार्टअप, संशोधक आणि विद्यार्थ्यांना सवलतीत मिळतात, सरासरी दर तासाला ६५ रुपयांच्या आसपास. मराठी बोलींचे आवाज ओळखणारं मॉडेल बनवायचं असेल तर नांदेडच्या मुलीला आता लाखो रुपयांचं कार्ड विकत घ्यावं लागत नाही. ती साध्या लॅपटॉपवरून चार तास यंत्र घेते, काम झालं की सोडून देते. मागणीनुसार संगणनाचा याहून चांगला उपयोग आम्हाला सुचत नाही.

क्लाऊडवर आहे म्हणजे बॅकअप आहे ना?

नाही. हा गैरसमज सगळ्यांत महाग पडतो, म्हणून थोडं सविस्तर.

ड्राइव्हसारखी सेवा सिंक करते, म्हणजे दोन्हीकडच्या फाइली सारख्या ठेवते. संगणकावर फाइल खोडली की क्लाऊडवरूनही ती जाते. ट्रॅशमध्ये ३० दिवस राहते, मग कायमची जाते. रॅन्समवेअरने, म्हणजे खंडणी मागणाऱ्या व्हायरसने, संगणकावरच्या फाइली कुलूपबंद केल्या तर त्याच कुलूपबंद फाइली इमानेइतबारे वर चढतात. कर्मचारी नोकरी सोडून गेला आणि त्याचं खातं बंद केलं, तर त्याच्या नावावरच्या फाइलीही अडकतात.

मोठ्यांच्या बाबतीतही हेच घडलं आहे. १० मार्च २०२१ रोजी फ्रान्समधल्या स्ट्रासबर्ग इथे ओव्हीएच कंपनीच्या डेटा सेंटरला आग लागली आणि एक अख्खी इमारत जळून गेली. बॅकअपही त्याच आवारात होता अशा ग्राहकांचा डेटा कायमचा गेला. सप्टेंबर २०२५ मध्ये दक्षिण कोरियातल्या देजॉन इथल्या सरकारी डेटा सेंटरमध्ये बॅटऱ्या हलवताना आग लागली. सरकारी कर्मचाऱ्यांच्या सामायिक ड्राइव्हवरचा ८५८ टेराबाइट (एक टेराबाइट म्हणजे हजार जीबी) डेटा नष्ट झाला, कारण इतक्या मोठ्या साठ्याची बाहेर कुठे प्रतच नव्हती. याउलट मे २०२४ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या युनिसुपर या पेन्शन फंडाची अख्खी यंत्रणा गूगल क्लाऊडवरून चुकीच्या सेटिंगमुळे खोडली गेली. सहा लाखांहून अधिक सभासद अडचणीत आले. पण फंडाने दुसऱ्या पुरवठादाराकडेही बॅकअप ठेवला होता, म्हणून यंत्रणा पुन्हा उभी राहिली.

तरीही क्लाऊड टाळा असं आम्ही मुळीच म्हणत नाही. जुलै २०२१ मध्ये चिपळूणच्या बाजारपेठेत पाणी शिरलं तेव्हा टेबलाखालचा सीपीयू, कपाटातल्या वह्या आणि ड्रॉवरमधली हार्ड डिस्क एकाच पाण्यात गेली. २०१९ मध्ये सांगलीतही हेच झालं. दुकानात ठेवलेला बॅकअप दुकानाबरोबरच बुडतो. म्हणून तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, आणि त्यातली एक दुसऱ्या ठिकाणी, हा जुना नियम आजही सगळ्यांत चांगला आहे. त्यात आमची एकच भर: तीन-चार महिन्यांनी बॅकअपमधली एक फाइल खरंच उघडून बघा. उघडून न पाहिलेल्या बॅकअपवर विसंबू नका.

कंपनीने दर वाढवले किंवा सेवा बंद केली तर?

दोन्ही होतं. गूगल फोटोजची अमर्याद फुकट जागा १ जून २०२१ पासून बंद झाली आणि सगळं १५ जीबीत मोजलं जाऊ लागलं. दोन वर्षं न वापरलेली खाती गूगल खोडू शकतं, आणि ही कारवाई डिसेंबर २०२३ पासून सुरू झाली आहे.

बाहेर पडताना अडचण वेळेची येते आणि पैशाचीही. लग्नाचं शूटिंग करणाऱ्या फोटोग्राफरकडे एका मोसमाचा एक टेराबाइट डेटा सहज जमतो. तो १०० एमबीपीएसच्या लाइनवरून उतरवायला सलग २२ तास लागतात. चढवताना २० एमबीपीएसच मिळत असेल तर चार दिवसांहून अधिक. पैशाच्या बाजूने थोडी चांगली बातमी आहे. व्यावसायिक क्लाऊडमधून डेटा बाहेर काढण्यावर शुल्क असतं, पण कायमचं सोडून जाणाऱ्या ग्राहकाला २०२४ मध्ये गूगल आणि ॲमेझॉनने ते माफ केलं. युरोपीय संघाचा डेटा कायदा तर जानेवारी २०२७ पासून पुरवठादार बदलण्याचं शुल्क पूर्ण बंद करतो. असा हक्क भारतातल्या छोट्या ग्राहकालाही मिळायला हवा. त्यासाठी ग्राहक संघटनांनी आणि व्यापारी महासंघांनी आवाज उठवावा असं आम्हाला मनापासून वाटतं.

डेटा भारतातच ठेवणं बंधनकारक आहे का?

सरसकट नाही. पेमेंटच्या डेटासाठी रिझर्व्ह बँकेचा एप्रिल २०१८ चा आदेश आहे, तो डेटा भारतातच साठवावा लागतो. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात सरकारने मनाई केलेले देश सोडून बाहेर डेटा पाठवायला मुभा आहे. नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले आणि जबाबदाऱ्या टप्प्याटप्प्याने लागू होत आहेत. दवाखाना, क्लास, पतसंस्था चालवणाऱ्यांनी आतापासूनच आपल्याकडे कोणाची कुठली माहिती आहे याची यादी करून ठेवावी.

डिस्क भारतात आहे म्हणून परक्या कायद्याचा हात पोचत नाही, असंही समजू नका. अमेरिकेच्या २०१८ च्या क्लाऊड ॲक्टनुसार तिथल्या कंपनीकडून जगात कुठेही ठेवलेला डेटा कायदेशीर प्रक्रियेने मागता येतो.

माझ्या फाइली कंपनी वाचू शकते का?

किल्ली कोणाकडे आहे त्यावर ते ठरतं. बहुतेक सेवा डेटा कूटबद्ध (एन्क्रिप्ट) करतात, म्हणजे किल्लीशिवाय वाचता येणार नाही असा करतात, पण किल्ली त्यांच्याकडेच असते. वर चढवण्यापूर्वी स्वतःच कूटबद्ध केलं तर कोणी वाचू शकत नाही. मात्र तुमची किल्ली हरवली तर तुम्हीही नाही.

हे स्वस्त पडतं का?

काम चढउताराचं असेल तर हो. दहावी-बारावीच्या निकालाचा दिवस घ्या. दुपारी एक वाजता लाखो मुलं, पालक आणि मास्तर एकाच वेळी निकाल उघडतात. दोन दिवसांनी त्या संकेतस्थळावर शुकशुकाट असतो. त्या एका दुपारसाठी यंत्रं विकत घेऊन वर्षभर सांभाळणं परवडत नाही, भाड्याने घेणंच शहाणपणाचं.

काम वर्षभर एकसारखं असेल तर गणित उलटतं. बेसकॅम्प हे कामाच्या नियोजनाचं सॉफ्टवेअर चालवणाऱ्या ३७सिग्नल्स या कंपनीने २०२३ मध्ये आपली मुख्य सॉफ्टवेअरं क्लाऊडवरून स्वतःच्या सर्व्हरवर परत आणली आणि खर्च बराच कमी झाल्याचं जाहीर केलं. पण त्यांच्याकडे यंत्रं सांभाळणारी माणसं होती. पाच जणांच्या ऑफिसने स्वतःचा सर्व्हर घेण्यापूर्वी तो रात्री बंद पडला तर फोन कोणाला करायचा हे आधी ठरवावं.

इतकी वीज कुठून येणार?

काळजी करावी असाच प्रश्न आहे. आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्थेच्या अंदाजानुसार २०२४ मध्ये जगातल्या डेटा सेंटरनी सुमारे ४१५ टेरावॅट-तास (म्हणजे ४१५ अब्ज युनिट) वीज वापरली, म्हणजे जगाच्या वापराच्या दीड टक्का. २०३० पर्यंत हा आकडा ९४५ च्या आसपास जाईल असं संस्था म्हणते. नवी मुंबईच्या पट्ट्यात नवीन केंद्रांना परवानगी देताना वीज कुठून येणार आणि कूलिंगसाठी पाणी किती लागणार, हे लोकांना आधी सांगितलं गेलं पाहिजे.

माणूस गेल्यावर त्याच्या डेटाचं काय होतं?

घरच्यांची फार ओढाताण होते. मुलगा न्यू जर्सीत, आईवडील पुण्यात, आणि विमा, फ्लॅटचे कागद, गुंतवणुकीचे तपशील सगळे वडिलांच्या ईमेलमध्ये. ओटीपी वडिलांच्या मोबाइल नंबरवर जातो आणि तो नंबर रिचार्ज न झाल्याने बंद पडतो. कागद जगात कुठूनही उघडतील असे असतात, फक्त घरच्यांना उघडत नाहीत.

गूगलमध्ये ‘इनॲक्टिव्ह अकाउंट मॅनेजर’ आहे. ठरावीक महिने खातं वापरलं गेलं नाही तर तुम्ही नेमलेल्या माणसाला डेटा मिळतो. ॲपलमध्ये ‘लेगसी काँटॅक्ट’ नेमता येतो. डिजिलॉकरमध्येही नॉमिनी नोंदवण्याची सोय आली आहे. आजच संध्याकाळी जेवणानंतर दहा मिनिटं आईवडिलांबरोबर बसून हे करा. पुढच्या वेळी भारतात आल्यावर करू, असं म्हणू नका. आणि निधनानंतर तो मोबाइल नंबर सगळे व्यवहार मार्गी लागेपर्यंत चालू ठेवा.

आमच्याकडे वीस वर्षांपूर्वीच्या मराठी फाइली आहेत. त्या क्लाऊडवर टाकल्या की काम झालं?

अर्धंच झालं. संस्थांचे अहवाल, दिवाळी अंक, स्मरणिका, शाळांचे दस्तऐवज असं अपार मराठी साहित्य श्री-लिपी, आकृती, आयएसएमसारख्या जुन्या फाँटमध्ये आणि पेजमेकर या पानं लावायच्या जुन्या सॉफ्टवेअरच्या फाइलींत पडून आहे. ते ड्राइव्हवर चढतं, जपलंही जातं, पण फाँट नसलेल्या यंत्रावर उघडलं की इंग्रजी अक्षरांचा आणि चिन्हांचा काला दिसतो. शोधलं तर काहीही सापडत नाही. पुढे एआयकडून त्याचा सारांश किंवा सूची करून घ्यायची म्हटलं तरी त्या यंत्राला तिथे मराठी दिसतच नाही.

म्हणून जुनं यंत्र आणि जुना फाँट अजून चालतोय तोवर तीन कामं करा. मूळ फाइल जशीच्या तशी जपा. त्याच यंत्रावरून तिची पीडीएफ काढा, म्हणजे पान दिसायला तरी मूळ रूपात राहील. आणि मजकूर कन्व्हर्टरने युनिकोडमध्ये (कुठल्याही यंत्रावर मराठी म्हणूनच ओळखल्या जाणाऱ्या अक्षरपद्धतीत) आणून जोडाक्षरं, रफार आणि ऱ्हस्व वेलांट्या माणसाकडून तपासून घ्या, कारण कन्व्हर्टर नेमके तिथेच चुकतात. सुरुवात ज्याची छापील प्रतही उरलेली नाही त्या फाइलीपासून करा.